वखारीत दारूगोळा कशाला होता?

आठवीतल्या कुठल्याही पोराला विचारा वखार म्हणजे काय, उत्तर पाठ असतं. परदेशी व्यापाऱ्यांची माल साठवायची जागा, झालं, एक मार्क. सनद म्हणजे परवानगीचं पत्र, मक्तेदारी म्हणजे एकट्याचा हक्क, वसाहत म्हणजे एका देशातल्या लोकांनी दुसऱ्या देशात जाऊन केलेली वस्ती. सगळं बरोबर आहे हो, व्याख्येत चूक कोणी काढणार नाही. पण माझं म्हणणं असं आहे की ह्या व्याख्या घोकलेल्या पोराला वसाहतवाद कळलेला नसतो, उलट त्याचा असा ग्रह होतो की आधी बिचारे व्यापारी आले, त्यांनी मिरी न् कापड विकत घेतलं, मग हळूहळू त्यांना आपल्यातली भांडणं दिसली आणि मग कधीतरी त्यांचा विचार बदलला न् ते राज्यकर्ते झाले. आणि हे सगळं घडलं कुठे तर लांब, प्लासीला, कलकत्त्याला, फार तर सुरतेला. कोकणात बसून असं शिकवायचं म्हणजे खरंच कमाल आहे, कारण ह्यातला एकेक शब्द आपल्या खाडीत जसा घडला तसा बघायला मिळतो, एसटीच्या तिकिटात.

राजापूरच घ्या. आज राजापूर म्हटलं की गंगा, उन्हाळे गावचे गरम पाण्याचे झरे आणि पावसाळ्यात जवाहर चौकात शिरलेलं पाणी, एवढंच डोळ्यासमोर येतं. सतराव्या शतकात मात्र जैतापूरच्या खाडीतून माल आत यायचा आणि अणुस्कुऱ्याच्या घाटाने वर देशावर जायचा, म्हणून इंग्रजांनी तिथे वखार घातली. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, शिवाजी महाराज आत अडकले, तेव्हा ह्या राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन तिथे हजर झाला आणि गडावर मारा करायला लागला, तोही उघड उघड इंग्रजांचं निशाण लावून. विजापूरकरांची बाजू जिंकणार असा त्याचा हिशेब असावा. हिशेब चुकला. पुढच्याच वर्षी, १६६१ ला, महाराज राजापुरावर आले, वखार लुटली, रेव्हिंग्टनला आणि त्याच्या माणसांना कैद केलं, आणि ही मंडळी सुटेपर्यंत १६६३ उजाडलं. कैदेतून त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे रडगाणं लावलं तेव्हा वरिष्ठांनी जे कळवलं ते मला फार आवडतं, की तुम्ही काही कंपनीचा माल राखताना पकडले गेलेला नाहीत, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन इंग्रजांच्या निशाणाखाली गोळे टाकत होतात म्हणून पकडले गेलात.

आता ह्याच्यापुढे ती एक मार्काची व्याख्या ठेवून बघा. माल साठवायची जागा. अरे पण त्या जागेत दारूगोळा होता, तो विकायला पण होता आणि वापरायला पण होता, तिथला मुख्य माणूस एका राज्याच्या वतीने दुसऱ्या राज्याशी लढायला जाऊ शकत होता, आणि हे प्लासीच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचं आहे. म्हणजे व्यापार आधी न् सत्ता मग असा जो क्रम पोरांच्या डोक्यात बसतो तो राजापूरने केव्हाच मोडलेला आहे. आपल्या पोरांनी वखार बघितलेली असते ती बाजारातली, लाकडाची, जिथे भुसा उडत असतो, त्यामुळे इंग्रज इथे येऊन वासे न् फळ्या विकत होते असं समजणारा मुलगा मला भेटलेला आहे आणि मी त्याला हसलो नाही, त्याने निदान डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीशी शब्द जोडला, बाकीच्यांनी तेही केलं नाही.

माझा आग्रह एकच आहे. ह्या विषयातला कुठलाही शब्द शिकवताना त्याच्या अर्थाबरोबर एक प्रश्न शिकवा: इथे हुकूम कोणाचा चालत होता? जागा कोणी दिली, आत कायदा कोणाचा, भांडण झालं तर तोफ कोणाची. हा प्रश्न काढून टाकला की वस्ती आणि वसाहत ह्यात काही फरकच उरत नाही, आणि खरा घोळ तिथेच आहे. आमच्याकडे वसाहत म्हणजे एमआयडीसी, पोलीस वसाहत, शिक्षक वसाहत. इंग्रजी मीडियमवाल्यांचं तर अजून छान, त्यांच्यासाठी कॉलनी म्हणजे जिथे मावशी राहते ती. लोक कुठूनतरी आले आणि राहिले, एवढाच त्याचा अर्थ पोरं घेतात, आणि तेवढाच अर्थ घेतला तर पोर्तुगीज वसाहतीत वाईट असं काय होतं हा प्रश्न कोणालाही पडेल, पडायलाच पाहिजे.

ह्याचं उत्तर रायगड जिल्ह्यात आहे, चौल आणि रेवदंड्यात, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दोन गावांत. चौल हे फार जुनं बंदर. दहाव्या शतकात अल-मसूदी नावाचा अरब प्रवासी तिथे येऊन गेला, त्याने लिहून ठेवलंय की तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले हजारो मुसलमान व्यापारी राहत होते, घरंदारं करून, काहींचा तर जन्मच इथला. त्यांच्यावर त्यांच्यातलाच एक प्रमुख असायचा पण त्याला नेमणार कोण, तर इथला राजा. त्याच किनाऱ्यावर बेने इस्रायल लोक कितीतरी शतकं राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, मराठी त्यांची घरची भाषा झाली. बाहेरून आलेले, व्यापार धंदा करणारे, आपला धर्म सांभाळून राहणारे. पण ह्याला वसाहतवाद म्हणत नाहीत, का म्हणत नाहीत हे पोराने सांगता आलं पाहिजे.

आणि मग दोन पावलं टाकून रेवदंड्याच्या तटाजवळ यायचं. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाची परवानगी घेऊनच तिथे किल्ल्याला हात घातला. परवानगी घेऊन, हे लक्षात ठेवा. तटाच्या आत चर्चेस, आत त्यांचा कॅप्टन, आत त्यांचा कायदा. पन्नास वर्षांनी, १५७० च्या सुमाराला, निजामशाहीलाच वाटलं की आता ह्यांना इथून काढावं, मोठी फौज आणून वेढा घातला, कित्येक महिने चालला, आणि जमलं नाही. ज्याने जागा दिली त्याला ती परत घेता येईना! वस्तीची वसाहत कधी होते ह्याचं ह्याच्याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि पाठ करायची काही गरज नाही, तटावर चढलं की एका बाजूला समुद्र दिसतो न् दुसऱ्या बाजूला नारळी-पोफळीची वाडी, आपोआप कळतं की आतल्या माणसाला रसद कुठून यायची आणि बाहेरचा माणूस का हरायचा. मराठ्यांच्या हातात ते यायला १७४० उजाडलं, म्हणजे वसई घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी.

हे धोके त्या काळच्या लोकांना कळत नव्हते असं समजू नका. आज्ञापत्र ह्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी हे स्वच्छ सांगितलंय की टोपीकर, म्हणजे युरोपातले व्यापारी, सावकारी करतात खरे पण ते बाकीच्या सावकारांसारखे नाहीत, त्यांच्या मागे त्यांचं त्यांचं राज्य आहे. त्यांना वखारीला जागा द्यायचीच झाली तर खाडीच्या तोंडाशी, समुद्राकाठी देऊ नये, आत शहराच्या आधाराने राहील अशी द्यावी, पक्की इमारत बांधू देऊ नये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं हे लिखाण आहे. किनाऱ्यावर राज्य केलेल्या माणसाचा अनुभव त्यात बोलतोय, आणि पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ह्या दोन-तीन वाक्यांत वखार जास्त चांगली समजते. मी तर म्हणेन वर्गात आधी हे वाचा, थोडी जुनी मराठी आहे, अडखळतील, अडखळू द्या.

दुसरा शब्द परवाना. पोर्तुगीज समुद्रात आले आणि त्यांनी सांगितलं की इथून पुढे आमचा कार्ताझ घेतल्याशिवाय कोणी जहाज हाकायचं नाही. त्या कागदावर जहाज कुठलं, नाखवा कोण, हत्यारं किती, जाणार कुठे असं सगळं लिहायचं, पोर्तुगीज ठाण्यावर जाऊन जकात भरायची, आणि कागद नसेल तर जहाज मालासकट जप्त. हजला जाणाऱ्या मुघलांच्या जहाजांनासुद्धा तो घ्यावा लागायचा. ज्या समुद्रात शेकडो वर्षं गुजराती, अरब, कोकणी, मलबारी जहाजं कोणाला न विचारता येत-जात होती तिथे हे आले आणि पावती फाडायला लागले. आणि न ऐकणाऱ्याचं काय होतं ते दाभोळने बघितलं, १५०८ च्या शेवटाला पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने दाभोळ जाळलं, गावकऱ्यांसकट. व्यापार हा शब्द पोरांना शिकवताना ही आग त्यात असली पाहिजे, नाहीतर व्यापार म्हणजे दोन माणसं तराजूच्या दोन बाजूंना उभी आहेत असं चित्र तयार होतं.

आता कान्होजी आंग्रे. त्यांनी काय केलं? मराठ्यांच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक घ्या म्हणाले. नाही घेतलं तर जहाज धरलं. करणी तीच. पण मुंबईच्या इंग्रजांनी कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्रावरचा लुटारू, म्हटलं, ते शब्द इंग्रजी पुस्तकांत चढले आणि अजूनही कुठे कुठे सापडतात, आणि पोर्तुगीजांच्या कागदाला मात्र परवाना-पद्धत असं गुळगुळीत नाव. लिहिणारा कोण आहे त्यावर तोच माणूस सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख, ठरतो किंवा दर्यातला दरोडेखोर. पण, आणि इथे आपल्या लोकांना जरा टोचेल, किनाऱ्यावरच्या ज्या भंडाऱ्याचं किंवा दालदी मच्छीमाराचं गलबत होतं त्याच्या दृष्टीने दोन्ही वेळेला पैसे त्याच्याच खिशातून जात होते. फरक काय होता तर कान्होजी इथल्या राज्याचे सरखेल होते, किनारा त्या राज्याचा होता, आणि त्या पैशात कुलाबा न् सुवर्णदुर्ग उभे राहत होते, लिस्बन नाही. हा फरक खरा आहे, मोठा आहे. पण तो पोराला वाद घालून काढू द्या, आयता देऊ नका, कारण आयता दिला की तो अभिमान होतो, समज होत नाही.

ह्याच कारणासाठी मला स्थानिक इतिहासाचं नुसतं उदोउदो प्रकरण पण नको आहे. कोणी म्हणेल कोकणाचा इतिहास शिकवायचा म्हणजे जयंत्या, मिरवणुका आणि बॅनर. नाही हो. खरा कोकणचा इतिहास शिकवला तर १७५५-५६ पण शिकवावं लागेल. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून कान्होजींच्या मुलाचा, तुळाजी आंग्र्यांचा काटा काढला, १७५५ ला सुवर्णदुर्ग पडला, १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाला आले आणि आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. मराठ्यांचं आरमार, मराठ्यांच्याच संमतीने, इंग्रजांच्या तोफांनी. वर विजयदुर्ग पेशव्यांकडे द्यायला इंग्रजांनी खळखळ केली, मग त्याच वर्षी तह झाला तेव्हा त्यांना बाणकोट आणि आसपासची गावं मिळाली. तह, करार, मदत, मोबदला असे चार शब्द ह्या एका प्रकरणात आहेत, आणि चारही शब्दांचा अर्थ बाणकोटच्या खाडीत उभं राहिलं की बदलतो. तुळाजींचा जाच होता का, होता, पेशव्यांशी त्यांचं उभं वैर होतं. तरी पण. विजयदुर्गाला सहली जातात, पोरं फोटो काढतात, भुयाराच्या गोष्टी ऐकतात, समुद्रातल्या त्या भिंतीची चर्चा होते, आरमार कोणी जाळलं आणि कोणाच्या सांगण्यावरून हे विचारलं तर गाइडपण विषय बदलतो.

मीठ तर आपल्या ताटातलंच. जकात म्हणजे मालावरचा कर, ही व्याख्या. १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्याला लिहिलं की बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातून, मीठ स्वस्त येतंय, त्यावर जकात अशी वाढवा की ते इकडच्या मिठापेक्षा महाग पडेल, नाहीतर आपली मिठागरं बसतील. आजच्या भाषेत ही सरळ संरक्षक जकात, आज सरकारं बाहेरच्या मालावर ड्युटी लावतात तीच गोष्ट. आणि मग इंग्रजांचं राज्य आलं, त्यांनी मिठावर कर बसवला, मीठ करणं कायद्याखाली आणलं, आणि १९३० ला त्याच टापूत, वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याला, लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. दोन्हीकडे कर मिठावरच. एक कर इथल्या आगराला वाचवायला, दुसरा इथल्याच आगरातलं मीठ इथल्याच माणसाला सरकारला पैसे दिल्याशिवाय खाऊ न द्यायला. सिंधुदुर्गातल्या मास्तरांना हा धडा शिकवायला ना प्रोजेक्टर लागतो ना गाइड. त्यातल्या कितीजणांना १६७१ आणि १९३० एकाच तासात शिकवता येतील ह्याची मला शंका आहे, पण तो दोष त्यांचा कमी आणि पोर्शनचा जास्त, एक गोष्ट सातवीत येते, दुसरी आठवीत, आणि मधला समुद्र कोणी ओलांडत नाही.

१६७४ ची अजून एक गंमत राहिली. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला तो नुसता नजराणा द्यायला आला नव्हता, कलमांची यादी घेऊन आला होता. बहुतेक कलमं मान्य झाली. एका कलमात इंग्रजांचं म्हणणं होतं की आमचं जहाज फुटून माल तुमच्या किनाऱ्याला लागला तर तो आम्हाला परत द्यायचा. त्याला नकार आला, कारण काय तर कोकणचा रिवाज तसा नाही, किनाऱ्याला लागलेलं परत देत नाहीत. आता हा रिवाज चांगला की वाईट ते सोडा, बुडालेल्या जहाजाच्या मालकाला विचाराल तर तो वाईटच म्हणेल. पण इथला कायदा इथे चालणार असं म्हणता येत होतं. १८१८ ला पेशवाई बुडाल्यानंतर ते म्हणता येईना.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा, वेळ नाही. बरोबर आहे, एका मास्तरकडे तीन विषय, वर निवडणुकीची कामं, वर ऑनलाइन माहिती भरणं, त्यात इतिहासाला आठवड्याला मिळणारे तास किती. पण मी धडा वाढवा म्हणत नाहीये. पंधरा शब्द पाठ करून घ्यायला जो वेळ जातो त्यात चार शब्द नीट होतात, आणि बाकीचे अकरा त्या चारांच्या ओळखीने आपोआप लागतात, ज्याला राजापूरची वखार समजली त्याला सुरतेची वेगळी शिकवावी लागत नाही. आठवीच्या पुस्तकात कॉन्स्टँटिनोपल १४५३ ला पडलं तिथून सुरुवात होते, ते असूच दे, जग कळायला पाहिजे, फक्त तिथून बोट सुटली ती वेंगुर्ल्याला पण लागली होती एवढं तरी सांगा. डचांनी १६३७ ला वेंगुर्ल्यात वखार घातली ती काय हवा चांगली म्हणून नाही घातली, तिथून गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवता येत होती, त्यांची कोंडी करता येत होती. ती वखार आजही उभी आहे, म्हणजे पडक्या भिंती उभ्या आहेत, झाडोरा माजलेला. राज्य संरक्षित स्मारक म्हणायचं आणि असं ठेवायचं. तिची डागडुजी करायला हवी असं सगळे म्हणतात, पर्यटनासाठी म्हणतात. मी म्हणतो शाळेसाठी करा. पर्यटक काय, येईल आणि मासे खाऊन जाईल.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आमच्या पोरांना पुढे एमपीएससी द्यायचीय, मुंबई-पुण्याच्या पोरांशी स्पर्धा आहे, तिथे राजापूर कोण विचारणार, व्याख्याच लागणार. हे म्हणणारे आई-बाप वेडे नाहीत, कोकणातून बाहेर पडणं हाच आपल्याकडे करियर प्लॅन आहे गेली दीडशे वर्षं, गिरणीत, गोदीत, बोटीवर, पलटणीत. कच्चा माल बाहेर गेला असं आपण शिकतो आणि कापूस, नीळ, ताग अशी नावं लिहितो, ह्या किनाऱ्यावरून माणसंच गेली आणि मागे मनीऑर्डरी आल्या हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कोणी सांगत नाही. पण त्या परीक्षांचं स्वरूपही बदलतंय, नुसत्या व्याख्येवर तिथे निभाव लागत नाही, दिलेल्या विधानांतलं कुठलं बरोबर हे ठरवताना समज लागतेच. आणि समजा नाही लागली, तरी ज्या बंदरात आपण जन्मलो तिथे पाचशे वर्षांत कोणाकोणाचा हुकूम चालला हे माणसाला माहीत असावं की नको. उद्या नवीन जेटी येणार, रिफायनरी येणार, बंदर विकासाचा करार होणार, कोणीतरी कागद घेऊन येणार आणि त्यात सवलत, हक्क, नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा असे शब्द असणार. मी प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात इथे बोलत नाही, दोन्हीकडची भाषणं ऐकून कान किटलेत. पण तो कागद वाचताना आत कायदा कोणाचा आणि जागा परत घेता येईल का हे दोन प्रश्न ज्याला सुचतील तो माणूस ग्रामसभेत असायला हवा.

सुरुवात पेपरपासून करावी लागेल, कारण पेपरमध्ये जे येतं तेच शिकवलं जातं, हे आपल्याकडचं त्रिकालाबाधित सत्य. व्याख्या लिहा आणि जोड्या लावा ठेवा हवं तर, पण एखादा प्रश्न असा टाका: निजामशहाने पोर्तुगीजांना चौलला जागा दिली, ही त्याची चूक होती का? किंवा, पन्हाळ्यावर गोळे टाकणारा रेव्हिंग्टन व्यापारी होता की सैनिक, कारण द्या. ह्यांना मॉडेल उत्तर नसतं, निजामशहाला घोडे हवे होते, गुजरातच्या सुलतानाशी वाकडं होतं, समुद्रावर त्याचं स्वतःचं काही चालत नव्हतं, म्हणून एखादी मुलगी लिहील की त्याच्या जागी मी असते तर मीपण दिली असती, आणि तिला पूर्ण मार्क द्यावे लागतील. पेपर तपासणाऱ्यांची पंचाईत होईल, उत्तरसूचिकेत काय छापायचं म्हणून बैठका घ्याव्या लागतील, भत्ते निघतील. निघू देत.